धुळाकाकांचा हार, कस्तुराचा चहा

धुळाकाका तुरुंगातून सुटून आले त्याला बरेच दिवस झाले होते, तरी त्यांच्या गळ्यातला हार अजून माडीवरच्या खुंटीला लटकत होता. झेंडू वाळून काळा पडला होता, दोऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. पण तो खाली उतरवायचा धीर कुणाला होईना. गोजरबाई तर येता-जाता नवऱ्याच्या त्या हाराला हात लावून बोटं कपाळाला नेत.

हार काकांच्या गळ्यात चुकून पडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना सजा झाली ती चोरीचं सूत घेतल्याबद्दल. मिलमधली माणसं धोतराखाली कमरेला सूत गुंडाळून फाटकाबाहेर यायची आणि काका ते भवानी पेठेतल्या घरच्या घोंगड्यांच्या दुकानात, मागच्या दारानं, निम्म्या भावात उतरवून घ्यायचे. विजापूरच्या तुरुंगातली त्यांची मुदत भरली ती नेमकी त्या आठवड्यात, जेव्हा दिल्लीत तह होऊन सत्याग्रही सुटत होते. सोलापूर स्टेशनवर ही गर्दी. डब्यातून एकामागून एक गांधीटोपीवाले उतरत होते, त्यांच्यामागून धुळाकाका उतरले. कुणीतरी घाईत त्यांच्याही गळ्यात हार घातला. कुणीतरी ओरडलं, "दोन शब्द बोला!" काकांनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सोसलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हापासून पेठेत ते देशभक्त होते, आणि पेठेत आहेत म्हणून घरातही.

पुतण्या जोतीरामची बायको विजयमाला, तिच्या पोरीचं बारसं त्यांच्यासाठीच अडून राहिलं होतं. बाळंतपण कोल्हापूरला, माहेरी झालं. पण बारसं सासरी, आणि तेही काका सुटल्यावर, असं मामंजींनी म्हणजे काकांचे थोरले भाऊ ज्ञानबांनी कळवलं होतं. भाऊ तुरुंगात असताना घरात पाळणा कसा सजवायचा? त्यामुळे पोरगी चांगली बाळसं धरून हुंकार द्यायला लागली तरी बिननावाची होती.

आज एकदाचा पाळणा सजला. माडीवर पुढच्या खोलीत पुरुष बसले होते, मधल्या दाराआड बायका. चुलीवर घुगऱ्यांचं पातेलं होतं, आणि सासूबाई बनाबाई पहाटेपासून पुरणपोळ्या लाटत होत्या. विजयमाला दाराला टेकून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचं अर्धं लक्ष पुढच्या खोलीतल्या बिरप्पा पंचांच्या खोकल्याकडं होतं. हा म्हातारा पाळण्यात वाकून खोकणार, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. बाकीचं लक्ष गोजरबाईंच्या मुठीकडं होतं. त्या मुठीत बाळगोळी असायची. अफूची.

"दे की गं एक," गोजरबाई म्हणाल्या. "गप पडंल पोरगी. मानसं बसल्यात भायेर."

"नको, काकी. रडू दे तिला."

"कालेजात शिकीवलं वाटतं, पोरं रडवायची?"

विजयमालानं पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. रडणारं मूल जागं असतं, एवढं तिला पुरत होतं. अफू सरकारमान्य दुकानात मिळते, आयाबाया ती कौतुकानं देतात आणि न देणाऱ्या सुनेला शिष्ट म्हणतात, ही या घरातली रीत तिच्या केव्हाच ध्यानात आली होती.

पाळणा सजला, पण नाव कानात सांगायला आत्या लागते. आणि सख्खी आत्या खाली दुकानाच्या पायरीवर बसली होती. कस्तुराबाई. जोतीरामची थोरली बहीण. दुकान आज बंद, फळ्या लावलेल्या, त्यामुळे पायरीवर ती एकटीच. "पंचांचं हुईस्तवर वर यायचं न्हाय," असा तिला निरोप होता.

"धुळा, तूच मदी बस," ज्ञानबा म्हणाले. "तू जग बघून आलायस."

"म्या कशाला? म्या आपला साधा मानूस," असं म्हणत धुळाकाका मधल्या घोंगड्यावर जाऊन बसलेसुद्धा. पाठीमागं हार, पुढ्यात पंच.

बिरप्पांनी खोकून घेतलं. "ज्ञानबा, वंगाळ वाटून घिऊ नगं. तुझी लेक आमच्या पुतन्यानं बघितली. हाटेलात. बाकड्यावर बसून च्या पीत हुती."

"एकटीच?"

"एकटीच की! कोन संगं असतं तर फूस लावली म्हनाया तरी आलं असतं."

"बशीनं पीत हुती का कपानं?" आणखी एकानं विचारलं.

"कपानं."

 बशीनं प्यायली असती तर काहीतरी मार्ग निघाला असता, असा चेहरा सगळ्यांनी केला.

कस्तुराबाईची गोष्ट तशी काही लपलेली नव्हती. सांगोल्याकडच्या तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली. त्या लग्नाला हेच पंच गेले होते, जेवले होते, धोतरजोड्या घेऊन आले होते. सवतीच्या हाताखाली राबायचं नाही म्हणून कस्तुरा ट्रंक उचलून निघून आली, तेव्हा मात्र जेवून आलेल्या सगळ्यांना वाईट वाटलं. सहा महिने ती माहेरी राहिली. मग मिलच्या पाळणाघरात बायकांची पोरं सांभाळायचं काम धरलं आणि तिथंच जवळ खोली केली. तेवढंही लोकांनी कसंबसं गिळलं. चहा गिळेना.

जोतीराम दाराशी बसला होता. तो वकील होता. कोर्टात त्याचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. घरात तो हळू बोलायचा, आणि काका समोर असले तर बोलायचाच नाही. आज मात्र त्यानं घसा साफ केला. विजयमालानं पोरीचं टोपडं सारखं करायचं थांबवलं.

"काका, चहा पिणं हा कायद्यानं गुन्हा नाही."

"कोन म्हनतं गुन्हा हाय?" धुळाकाका शांतपणे म्हणाले. "गुन्हा असता तर लई सोपं हुतं, जोती. गुन्ह्याला कलम असतं. कलमाला मुदत असती. मानूस जातो, खडी फोडतो, मुदत सरली की भायेर येतो. फिटलं. आता हिनं गुन्हाच केला न्हाय म्हनल्यावर हिला मुदत कुठली घालायची?"

"म्हणजे गुन्हा केला असता तर अक्काला सवलत मिळाली असती?"

"व्हय की," काका म्हणाले, आणि पंचांनी माना डोलावल्या.

विजयमालानं पदर दातात धरला. कॉलेजात तिला तर्कशास्त्र होतं. त्या पुस्तकात असलं उदाहरण कुठंच नव्हतं. तिला गेल्या उन्हाळ्याची आठवण आली. शहरात लष्करी कायदा लागला तेव्हा एका रात्रीत डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीचा गुन्हा झाला होता. याच घरातल्या सगळ्या टोप्या तेव्हा चुलीत गेल्या, जोतीरामची सगळ्यांत आधी. कायदा उठला, टोपी पुन्हा टोपी झाली, आणि आता पंचांपैकी दोघांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची होती. सरकारचा गुन्हा येतो तसा जातो. पण बाकड्यावर बसलेली बाई उठून घरी गेली तरी यांच्या नजरेत बसलेलीच राहते.

"मग काय करायचं म्हनता?" ज्ञानबांनी विचारलं. त्यांचा आवाज पडला होता. लेक त्यांची होती. पण दुकान दोघा भावांचं होतं, आणि मागच्या दारानं आलेल्या सुतावर त्या घरानं दोन दिवाळ्या चांगल्या केल्या होत्या. त्यामुळे धुळापुढं त्यांना फार बोलता येत नसे.

धुळाकाकांनी निकाल दिला. मांडी बदलून, डोळे मिटून, स्टेशनवर मिटले होते तसेच.

"आजपासनं कस्तुराशी कुनी बोलायचं न्हाय. घरातल्यांनी न्हाय, जातीतल्यांनी न्हाय. जो बोलंल त्यो तिच्याच पंगतीला. त्याच्या हातचं कुनी खायाचं न्हाय, प्यायाचं न्हाय."

"कुठवर?" जोतीरामनं विचारलं.

"मुदत न्हाय म्हनलं की तुला."

मधल्या दाराआड पोळपाटावरचं लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण जरा जोरात.

"आन् नाव आमच्या बाळाबाईनं ठिवायचं," गोजरबाईंनी लगेच सांगून टाकलं. त्यांची लेक बाळाबाई नथ घालून तयारच बसली होती. "चुलत झाली म्हनून काय झालं, आत्याच की. नाव बी ठरलंय. भारती. ह्यांनी देशासाटी सोसलं, त्येचं कायतरी नगं का?"

विजयमालानं पोरीकडं पाहिलं. पोरगी रडून थकली होती आणि टुकूटुकू आढ्याकडं बघत होती. चोरीच्या सुताचं नाव जन्मभर वागवायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि उद्या हीच मोठी होऊन तहान लागली म्हणून कुठं बाकड्यावर बसली, तर हीच माणसं, नाहीतर यांचीच पोरं, अशीच मांडी घालून बसणार. विजयमाला उठली.

"कुटं निघालीस आता?" गोजरबाई.

"पोरीला जरा हवा दाखवते."

"पाळण्यात घालायची वेळ झाली की!"

"आलेच."

जिना अरुंद होता. एका हातानं पोरीचं डोकं आणि दुसऱ्या हातानं कठडा धरून ती एकेक पायरी उतरली. खाली कस्तुराबाई गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. लुगडं स्वच्छ धुतलेलं, पायात चपला. वहिनीला बघून ती हसली.

"बोलू नका, वहिनी. खिडकी उघडी हाय, सगळा निकाल मला हितं ऐकू आलाय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तीस-चाळीस पोरं दिसभर कानात रडत्यात. सांजच्याला खोलीवर जाऊन चूल पेटवायला जीव ऱ्हात न्हाय. म्हनून प्याले. कुनी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

विजयमाला खरोखरच बोलली नाही. निकाल तिनं अक्षरशः पाळला. फक्त खाली वाकली आणि पोर आत्याच्या मांडीवर ठेवली.

कस्तुराबाईनं वर पाहिलं. मग पोरीकडं पाहिलं. तिच्या हाताला पोरांची सवय होती. मान कशी उचलायची ते बघावं लागलं नाही. पोरीचा कान तिनं तोंडाशी घेतला. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाधपा धपाटे घालायला बायकांचा घोळका लागतो. इथं घोळका कुठला? विजयमालानं दोन्ही हात वर केले आणि एकटीनंच नणंदेच्या पाठीत धपाटे घातले. पहिला हळू पडला. दुसरा बराच जोरात. कुणाचा राग कुणाच्या पाठीत, असं तिला मनात वाटलं, पण हात थांबले नाहीत.

आणि नेमका तेव्हाच मिलचा भोंगा वाजला. आभाळ फाडून वाजला. कस्तुराबाईचे ओठ पोरीच्या कानाशी हलले, पोरगी दचकली, आणि भोंगा थांबला तेव्हा नाव ठेवून झालेलं होतं.

विजयमाला पोर घेऊन वर आली तेव्हा बाळाबाई पाळण्याजवळ वाकून उभी होती.

"वन्संनी नाव ठेवलं," विजयमाला म्हणाली.

एकच गलका झाला. गोजरबाईंनी कपाळाला हात लावला, पंच उभे राहिले, बिरप्पांना खोकल्याची उबळ आली. विजयमालानं पोरगी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तू बोललीस तिच्यासंगं?" धुळाकाकांचा आवाज चढला.

"नाही, काका. एक शब्द नाही. पोर नुसती मांडीवर ठेवली."

"काय नाव ठिवलं?"

"भोंगा वाजला. मला ऐकूच आलं नाही."

"मग इचारायचंस की!"

"विचारलं तर बोलल्यासारखं झालं असतं."

जोतीरामला ठसका लागला. तो पाणी प्यायला उठला आणि पाठ करून उभा राहिला. खांदे मात्र हलत होते.

"त्यात काय, पुन्ना ठिवा," गोजरबाई म्हणाल्या. "बाळे, हो फुडं."

"न्हाय न्हाय!" बिरप्पांनी काठी आपटली. "एकदा कानात पडलं की पडलं. दुसरं नाव घातलं तर पोरगी दोन नावांची हुती. देवाला बी कळत न्हाय कुनाला सांबाळायचं. आमच्यात असलं कुनी केलेलं न्हाय."

म्हणजे पोरीला नाव होतं, आणि ते नाव जगात एकाच बाईला ठाऊक होतं, आणि त्या बाईशी बोलायचं नव्हतं. नाव पुकारल्याशिवाय पाळणा म्हणता येईना. पाळण्याशिवाय घुगऱ्या वाटता येईनात. घुगऱ्यांशिवाय पानं मांडता येईनात. पुरणाचा वास मात्र मधल्या दारातून सरळ पंचांच्या नाकात येत होता.

"कुनीतरी इचारा की," एक पंच म्हणाले.

"तुमी इचारा."

"म्या का? पोरगी तुमची."

"निकाल तुमचा."

एकजण म्हणाला, जाऊन नुसतं समोर उभं राहावं, ती आपणहून सांगेल. एकाला खाली पाठवलं. तो उभा राहून परत आला. "हसती नुसती," त्यानं सांगितलं.

धुळाकाकांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"समद्यांनी मिळून इचारायचं."

"म्हंजे?"

"खिडक्यांशी हुबं ऱ्हायचं. म्या तीन म्हनलं की बाया-बापे, पंच, समद्यांनी एकदम वरडायचं. कोन बोललं? कुनीच न्हाय. एकट्यानं केलं तर त्यो वंगाळ. समद्यांनी केलं की ते कुनीच केलेलं नसतंय. जगात चालतंच तसं. आता फाटकातनं सूत..."

ते थांबले. ज्ञानबांनी छताकडं पाहिलं. बाकीच्यांनी भराभर खिडक्या गाठल्या.

भवानी पेठेनं त्या दुपारी घोंगडीवाल्यांच्या माडीवर जे बघितलं ते पुढं कितीतरी दिवस पेठ सांगत होती. चार खिडक्यांत मुंडासी, टोप्या, पदर, नथी यांची दाटी. आणि मध्ये धुळाकाका, हात वर करून. खाली पायरीवर एकटी बाई. रस्त्यावर सायकल थांबली, टांगा थांबला.

"एक... दोन... तीन!"

"काय नाव ठिवलंस गंऽऽ?"

कस्तुराबाईनं मान वर केली. एकेक चेहरा नीट बघून घेतला.

"म्हाळसा," ती म्हणाली.

 म्हाळसाबाई ही ज्ञानबांची आजी. नवरा गेल्यावर डोक्यावर घोंगड्यांचं गाठोडं घेऊन सोलापूरच्या बाजारात पुरुषांच्या रांगेत पहिल्यांदा विकायला बसली ती हीच बाई. गावानं तेव्हा तिचं पाणी तोडलं होतं. हे दुकान, ही माडी, या खिडक्या, सगळं त्या गाठोड्यातून निघालेलं होतं. तिचं नाव नको म्हणायची सोय कुणालाच नव्हती. ज्ञानबांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

"झालं," धुळाकाका घाईनं म्हणाले. "नाव कळलं. चला, खिडक्या लावा."

एक खिडकी लागली, दुसरी लागली. तिसरीशी बनाबाई उभ्या होत्या, हात पिठानं पांढरे. त्यांनी खिडकी लावली नाही. सगळ्यांचा आवाज विरून गेल्यावर त्या एकट्याच, चुलीपुढून हाक मारावी तशा, खाली बोलल्या:

"आन् जेवलीस का गं?"

 हे सगळ्यांनी मिळून विचारलेलं नव्हतं. हे एकटीचं होतं, आणि कुणालाही वाटून घेता येण्यासारखं नव्हतं.

"न्हाय, आये," खालून उत्तर आलं.

"मग ये वर."

"वैनी!" धुळाकाका म्हणाले. "निकाल ऐकला न्हवं तुमी?"

"ऐकला की. माझ्या हातचं कुनी खायाचं न्हाय." बनाबाईंनी मधल्या दाराकडं हात केला. तिथं पोळ्यांची चवड होती, आमटीचं पातेलं होतं, भाताची परात होती, घुगऱ्या निवत चालल्या होत्या. पहाटेपासून त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागला नव्हता. गोजरबाईंचं पुरण कधी शिजत नसे आणि हे पंचांनाही ठाऊक होतं. "नगा खाऊ. आमी तिघी जेवतो. मी, कस्तुरा, आन् सूनबाई. सूनबाईला पोरीला पाजायचं असतंय, तिला खावंच लागतंय."

विजयमालाला रडू आलं, ते तिनं पोरीच्या टोपड्यात दडवलं. जिन्यावर चपला वाजल्या. कस्तुराबाई वर येत होती, आणि तिला अडवायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं.

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी धुळाकाकांकडं पाहिलं. बिरप्पांनी पुरणाचा वास ओढून घेतला आणि नेमकं तेव्हा ते खोकले नाहीत.

काकांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी लवकर उघडले.

"निकाल," ते म्हणाले, "उद्यापासनं लागू हाय."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाटांची ओढाओढ सुरू झाली, जोतीराम आपणहून पाणी भरायला धावला. बनाबाई पहिलं पान लेकीला वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"आन् उद्या, भाऊजी," त्यांनी विचारलं, "तुमास्नी सैपाक कोन करून घालनार हाय?"